ज्या भिंगात कमिटी मावली नाही

दिगू,

परवा तुझी शोकसभा झाली. चार जण बोलले. पहिल्यानं तू मितभाषी होतास असं सांगितलं, त्यावरून त्याची-तुझी कधी गाठ पडलेली नसावी. दुसऱ्यानं तुला ‘प्रकाशाचा पूजक’ म्हटलं. कर्जत स्टेशनात सिग्नलच्या बत्त्या पुसायच्या, त्यांत रॉकेल भरायचं आणि शिडी चढून त्या जागच्या जागी ठेवायच्या, हे तुझं काम. पूजा करताना मी तुला कधी पाहिलं नाही. तिसऱ्यानं तुझं नाव दिनकर आहे असं धरून भाषण केलं आणि कुणी त्याला अडवलं नाही, कारण भाषण रंगात आलं होतं. चौथ्याला गाडी गाठायची होती. “फार लवकर गेला,” एवढंच म्हणून तोही गेला. तेवढं एक भाषण मला पटलं.

मग मला आग्रह झाला. मी नको म्हटलं. शाळामास्तर बोलायला नाही म्हणतो हे पाहून लोकांना माझ्या दुःखाची खोली कळली. खरं कारण साधं होतं. मला तुझ्याविषयी बोलायचं नव्हतं, तुझ्याशी बोलायचं होतं. आणि बोलायचं तर त्या भिंगाविषयी बोलायचं, ज्याचं सभेत कुणी नावही घेतलं नाही.

लढाई संपली आणि लष्कराचं मोडीत निघालेलं सामान मुंबईच्या बाजारात आलं, त्यातून तू ते आणलंस. विमानातून खालच्या मुलखाचे फोटो काढायचं भिंग. तोंड जेवायच्या ताटलीएवढं, आणि चित्र नीट उमटायचं तर मागे पुरी एक वार नळी हवी. पारूवहिनींना वाटलं की तू पाणी तापवायचा बंब आणलास. दोन दिवस त्या खुशीत होत्या. तिसऱ्या दिवशी तू भिंगाला पत्र्याची नळी जोडलीस, तिच्या मागे तुझा जुना कॅमेरा बसवलास, आणि नळी आतून काळी करायला बत्त्यांची काजळी खरवडून आणलीस. बाजारातला काळा रंग चमकतो, काजळी चमकत नाही, हे मला समजावताना तुझी चार बोटं माझ्या धोतरावर उमटली. ती कधी गेली नाहीत. मी तेव्हा रागावलो होतो. आता ते धोतर धुवायला टाकताना मी बायकोला सांगतो, फार घासू नकोस.

मी विचारलं, एवढ्या मोठ्या नळीतून बघणार काय? आपल्या गावात लांबून बघावं असं काही नाही. जे आहे ते जवळूनच पुरेसं होतं. तू नळीवर फुंकर मारलीस आणि म्हणालास, “गेनूला काढनार.”

गेनू म्हणजे पारूवहिनींचा धाकटा भाऊ. माथेरानला घोडेवाला. माथेरानचा घोडेवाला घोड्यावर बसत नाही, हे खालच्या लोकांना सांगावं लागतं. घोड्यावर शेटजी बसतात, शेटाणीबाई बसतात, त्यांचं बिस्किट खाणारं पोर बसतं, आणि घोडेवाला पुढे लगाम धरून लाल मातीतून दिवसभर चालतो. वर्षातून एकदा मात्र, उन्हाळी हंगाम सरताना, तिथल्या मैदानावर शर्यती होत. साहेबलोकांच्या झाल्या, हौशी शेटलोकांच्या झाल्या, की चहाला उठण्याआधी करमणूक म्हणून शेवटची शर्यत घोडेवाल्यांची. त्या एका दिवशी ते घोड्यावर बसत. गेनूनं ही शर्यत तीनदा जिंकली होती. पण त्या हंगामात ज्या शेटनं घोडा भाड्यानं राखून ठेवला असेल त्याचं नाव छापील कागदावर घोड्यासमोर असे, आणि कपही त्यालाच मिळे. पळवणाऱ्याला नारळ.

आता गेनूचं मन कशेळ्याच्या हौसावर होतं, आणि हौसाचं गेनूवर. दोन घरांत याची वाच्यता झाली होती, फक्त हौसाचे वडील धर्मातात्या राजी नव्हते. तात्या भातशेतीवाले, पिढ्यान्‌पिढ्या एकाच बांधावर उभे असलेले गृहस्थ. ते एकदा कामानं माथेरानला गेले असताना त्यांनी गेनूला पाहिलं, तो नेमका एका लठ्ठ मुलाला घोड्यावरून मिरवत पुढे चालत होता. नंतर बोलणी निघाली तेव्हा गेनूनं आपण तीन शर्यती जिंकल्याचं सांगितलं. तात्यांनी कप मागितला. कप शेटकडे. छापील नाव? तेही शेटचं. साक्षीदार? दुसरे घोडेवाले. तात्या म्हणाले, घोडेवाला घोडेवाल्याचीच साक्ष देणार. तेव्हा गेनू गरीब ठरला नाही, खोटारडा ठरला, आणि तात्यांच्या घरात गरिबाला पान होतं, खोटारड्याला नव्हतं. चार माणसांत ते त्याला म्हणाले, “घोड्याच्या म्होरं चालनारा मानूस घोड्यावर कवा बसला? बसला आसशील तर दाव.” मुरबाडकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. पेरणीआधी त्यांना होकार कळवायचा होता.

म्हणजे गेनूकडे एक शर्यत उरली होती आणि तुझ्याकडे एक नळी.

मी सुचवलं की तात्यांनाच वर घेऊन जावं. तू म्हणालास की ज्याला आपण खोटारडा म्हणतो त्याला बघायला कुणी डोंगर चढत नाही. तुझं हे वाक्य मी वर्गात वापरलं आहे, तुझं नाव न घेता. मास्तरांची तशी रीतच आहे.

चौक गावाच्या अंगानं चढणारी वाट आपण धरली. भिंग गोधडीत गुंडाळून झोळी केली, झोळी बांबूला बांधली, पुढचं टोक तुझ्या खांद्यावर, मागचं माझ्या. डोंगरातली माणसं आजाऱ्याला अशीच खाली आणतात, हे आपल्या लक्षात आलं नव्हतं. अर्ध्या चढावर वाडीतली एक म्हातारी आडवी आली आणि कोण आजारी आहे म्हणून विचारू लागली. तू सांगितलंस की आजारी कुणी नाही, भिंग आहे. तिनं गोधडीचं टोक उचलून आत पाहिलं, जीभ चावली, आणि सांभाळून न्या म्हणाली, दुखणं जुनं दिसतंय. शिवाय आजारी माणसाला तुम्ही उलट्या बाजूला, वर कशाला नेताय, हेही तिनं विचारलं. तू इतका हसलास की तुझं टोक खाली आलं. फोटो उमटायच्या काचेच्या सहा प्लेटा होत्या. एक तिथे फुटली.

मैदानाच्या दारात बर्माहून परतलेला एक शिपाई उभा होता. त्यानं गोधडी सोडायला लावली, नळी पाहिली, आणि आधी आपल्या मागे आणखी कुणी तोफेचे गोळे घेऊन येतंय का ते बघितलं. शेजारी नियमांची फळी होती. प्रेक्षकांनी छत्री आणावी, दुर्बीण आणावी, हातात मावणारा कॅमेरा आणावा. पायांवर उभं राहणारं काही आणू नये. तू कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं मागे लपवलंस. तिकाटणं माणसामागे लपत नाही. शिपायानं सेक्रेटरीला बोलावणं धाडलं.

सेक्रेटरीसाहेब आले. वैशाखाच्या उन्हात लोकरीचा कोट, आणि कोटावर बशीएवढं रिबिनीचं फूल. नावाच्या आधी दोन पदव्या आणि नंतर तीन, त्यामुळे मूळ नाव काय ते माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी भिंगाभोवती एक पुरी प्रदक्षिणा घातली. आता आपली हकालपट्टी होणार म्हणून मी गोधडी गोळा करू लागलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “यात किती माणसं मावतात?”

दिगू, खोटं बोलायची ती संधी होती, आणि तू ती साफ वाया घालवलीस. तू म्हणालास, “साहेब, ह्ये लांबचं जवळ आनतं. मानसं कमीच मावत्यात.”

साहेब हसले. भांडं मोठं आणि भात कमी, असं कधी होतं का? मुंबईच्या एका फोटोवाल्यानं त्यांच्या कमिटीचा फोटो मागे काढला होता. त्याचं भिंग लिंबाएवढं, आणि त्यात बावीस माणसं मावली होती. यंदाचा फोटोवाला ऐनवेळी आला नव्हता. लिंबाएवढ्यात बावीस, तर ताटलीएवढ्यात किती, असं त्रैराशिक त्यांनी उभ्या उभ्या मांडलं आणि उत्तर चारशेच्या घरात काढलं. कमिटी होती चाळिसांची. उरलेल्या जागेत घोडे घ्यावेत की काय, याचा ते विचार करू लागले. तू पुन्हा तोंड उघडलंस. त्यांनी हात वर केला; बत्तीवाल्याकडून भिंगाचे धडे घ्यायला ते आले नव्हते. तू कळवळून माझ्याकडे वळलास, “मास्तर, तुमी सांगा.”

वीस वर्षं मी मुलांना त्रैराशिक शिकवतोय. मी म्हणालो, “साहेबांचा हिशेब चोख आहे.”

हिशेब चोखच होता. चूक होती ती हिशेबाच्या बाहेर होती, आणि तिच्याविषयी मला कुणी विचारलं नव्हतं. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुझं भिंग फोडलं. मग शिपाई बाजूला झाला, चार माणसं आली, त्यांनी झोळी उचलली, आणि तू त्यांच्या मागे आत जाताना मान वळवून पुन्हा माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा तुला कळलं होतं. इतकी वर्षं आपण बोललो, पण त्या पाहण्याविषयी कधी बोललो नाही. मला ते पुरलं होतं.

पाहुणे म्हणून कुठल्याशा संस्थानचे धाकटे राजेसाहेब होते. कमिटी तीन रांगांत मांडायला वीस मिनिटं लागली, कारण राजेसाहेबांच्या उजवीकडे एकच खुर्ची होती आणि उजवीकडे बसणारे सहा होते. तू कॅमेरा साठ पावलांवर लावलास. सेक्रेटरी ओरडले, पुढे आण, चेहरे दिसले पाहिजेत. तू चाळीस पावलांवर आलास. आणखी पुढे. तू वीस पावलांवर आलास. दर पावलाला एकदोन सभासद फोटोतून गळत होते, आणि गळलेला प्रत्येक जण मान ताठ करून, श्वास रोखून बसला होता. तू मला काळ्या कापडाखाली बोलावलंस. कॅमेऱ्यामागच्या घासलेल्या काचेवर राजेसाहेबांच्या मिशा, अर्धं पदक आणि सेक्रेटरींचं फूल, एवढंच होतं, आणि अर्थात उलटं. संस्थानिक खाली डोकं वर पाय. त्या वर्षीच्या राजकारणाचं इतकं नेमकं चित्र कुठल्या वर्तमानपत्रानं छापलं नव्हतं.

एक गंभीर फोटो झाला, एक हसरा, एक राजेसाहेबांनी टोपी काढलेला. तीन प्लेटा गेल्या. दोन उरल्या.

पण आता आपण कठड्याच्या आत होतो, साहेबांच्या हुकमानं, आणि आपल्याला हटकायची कुणाची छाती नव्हती. तू शेवटच्या वळणाजवळ तिकाटणं रोवलंस. घोडे तिथून जवळजवळ समोरून येत. वाटेवर एक पांढरा धोंडा निवडून त्यावर नळी रोखलीस आणि पेच आवळलेस. प्लेट बसवली की काचेतून काही दिसत नाही, हे मला तेव्हा समजलं. शेटलोकांच्या शर्यतीला तू घोडा धोंड्यापाशी दिसताच कळ दाबलीस. नंतर त्या प्लेटवर फक्त शेपूट निघालं. तू ते तिथेच ओळखलंस. म्हणालास, दिसल्यावर दाबलं की उशीर झाला.

एक प्लेट उरली. गेनू लांब, पलीकडच्या टोकाला, वीस घोड्यांत. तू वहाणा काढल्यास. मला वाटलं, देवाचं नाव घेणार, आणि तुझ्यासारख्या माणसानंही शेवटी तेच करावं याचं मला थोडं वाईट वाटलं. पण तू तापलेल्या मातीत अनवाणी पाय रोवून, मैदानाकडे पाठ फिरवून उभा राहिलास. शिडीवर बत्ती ठेवताना तुझी रुळांकडे पाठ असे; येणारी गाडी तू तळव्यांनी ओळखायचास, इंजिनाचा आवाज पोचायच्या आधी. तसा उभा राहिलास आणि एका क्षणी, माझ्या हिशेबानं फार आधी, कळ दाबलीस.

शर्यत मी पाहिली, तू नाही पाहिलीस, म्हणून सांगतो. आधीही सांगितली आहे, पण पुन्हा ऐक. वळणावर गेनू दुसरा होता. वळण संपलं तेव्हा पहिला होता. त्यानं चाबूक उचलला नाही, टाच मारली नाही. तो नुसता घोड्याच्या मानेवर वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगत असल्यासारखा आला आणि चार घोड्यांच्या अंतरानं निघून गेला. आयुष्यात मी शाळेच्या इन्स्पेक्टरसाठी टाळ्या वाजवल्या आहेत, लाटसाहेबांसाठी वाजवल्या आहेत, कारण वाजवायला सांगितल्या होत्या. त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातातली छत्री कुठे गेली ते मला आजतागायत माहीत नाही.

कप शेटना मिळाला. शेटनी छोटंसं भाषण केलं आणि विजयाचं श्रेय आपल्या वडिलांना दिलं. गेनू नारळ काखेत मारून मांडवाकडे न जाता आपल्याकडे धावत आला. “दाजी, आलं का?” त्यानं विचारलं. तू म्हणालास, घरी गेल्यावर बघू. नारळ त्यानं तिथेच धोंड्यावर फोडला आणि अर्धा घोड्याला दिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी स्टेशनातल्या तुझ्या बत्त्यांच्या खोलीचं दार लावून आपण आत बसलो. सिग्नलची तांबडी काच दिव्यापुढे उभी केलीस. प्लेट धुवायला तांबडा उजेड लागतो, आणि तांबड्या उजेडाची तुझ्याकडे कधी वाण नव्हती. आधी कमिटी धुतली. मिशा. मिशा आणि दात. तिसऱ्यात राजेसाहेबांच्या चेहऱ्यासमोर त्यांचीच टोपी. मग शेपूट. मग शेवटची प्लेट तू पाण्यात हलवत राहिलास, आणि काळं पांढऱ्यातून वर आलं.

घोडा आपल्या अंगावर येत होता. नाकपुड्या, छातीवरचा घाम, उडालेली ढेकळं. मानेवर गेनू, तोंड जरासं उघडं, पुढे दोन्ही हात. आणि बाकी काही नाही. मागे धूसर राखाडी.

तू प्लेट तांबड्या काचेपुढे धरलीस. मग म्हणालास, “मास्तर, बघा.” तुझा आवाज मी तसा आधी ऐकला नव्हता.

मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो की यात जिंकल्याचं काहीच दिसत नाही. खांब नाही, दुसरा घोडा नाही, प्रेक्षक नाहीत. एक माणूस एका घोड्यावर बसला आहे, आणि तो घोडा पळतो आहे. ज्या भिंगातून कमिटी गळाली त्याच भिंगातून पुरावाही गळाला होता. माझं म्हणणं बरोबर होतं. ते त्या क्षणी म्हणायची गरज नव्हती. तांबड्या उजेडात तुझा चेहरा पडला तो मी पाहिला, आणि त्यावरही एक मुद्दा मांडला. दिगू, माफी मागायची राहून गेली ती याची. तू हात पुसलेस आणि म्हणालास, “चला कशेळ्याला.”

कशेळ्यापर्यंतची सारी वाट तू माझ्याशी बोलला नाहीस. तुझ्या मानानं तो विक्रम होता.

तात्या अंगणात नांगराचा दांडा तासत बसले होते. त्यांनी हात धुतले, पुसले, कागदावर उतरवलेला फोटो कडांनी धरला आणि उन्हाकडे फिरवला. शेजारची पाचसहा माणसं जमली. दारामागे बांगड्या वाजल्या, म्हणजे हौसा होती. तू सांगायला सुरुवात केलीस, तात्यांनी हातानंच थांबवलं. ते बघत राहिले. भात पारखणारा माणूस मूठभर दाणे घेऊन जेवढा वेळ लावतो तेवढा वेळ त्यांनी लावला.

“जिंकला का हरला, ह्यात दिसत नाय,” ते म्हणाले.

मी तुझ्याकडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं.

“पन हात बघा ह्याचे.” तात्यांनी फोटो शेजाऱ्यांपुढे धरला. “लगाम सैल हाय. जनावर जीव खाऊन पळतंय, अन् ह्याचे हात निजलेल्या पोरावानी. चढाओढीत बी जनावराचं तोंड वढत नाय ह्यो.” मग घराकडे तोंड करून, आवाज न चढवता, “गूळ आना गं.”

मोठी भिंगं, छोटी भिंगं, पुस्तकं, त्रैराशिकं, मी सारं शिकलो होतो. हात बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं. गूळ हौसानंच आणला. ताटली पुढे धरताना तिनं फोटोवर एक नजर टाकली, कुणालाही उद्देशून नाही अशा बेतानं “घोडं बरं हाय” म्हणाली, आणि आत गेली. तू गुळाचा खडा तोंडात टाकलास आणि परतीच्या वाटेवर इतकं बोललास की जातानाचं सगळं भरून निघालं.

लग्न पेरणीआधी झालं. वरातीला गेनू घोड्यावर बसला आणि घोड्यापुढे लगाम धरून तू चाललास. साहेबलोकांच्या मिरवणुका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या सगळ्यांत मिळून तेवढा रुबाब नव्हता.

कमिटीच्या तिन्ही फोटोंच्या प्रती तू इमानेइतबारे माथेरानला धाडल्यास. सेक्रेटरींचं उत्तर आलं, छापील मथळ्याच्या कागदावर. फोटो उत्तम आले असून उरलेला भाग त्वरित पाठवावा. तुला खरं ते कळवायचं होतं. उत्तर मी लिहिलं. उरलेला भाग भिंगात मावला नाही, असं एका ओळीत कळवलं, त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मैदानाच्या फळीवर एक नवी ओळ रंगवलेली दिसली: प्रेक्षकांनी मोठी भिंगं आत आणू नयेत. लोकांचे पुतळे होतात, रस्त्यांना नावं मिळतात. तुझ्यामुळे एक नियम झाला, दिगू. पुतळ्यावर कावळे बसतात; नियम निदान मोडता येतो. पुढच्या वर्षी संस्थानंही गेली, कमिटीही बदलली, आणि मग ती फळी वाचायला कुणी थांबेना.

आपला वाद मात्र चालूच राहिला. फोटोनं काहीच सिद्ध झालं नाही, असं मी म्हणायचं, आणि गेनूच्या घरातलं मूल मांडीवर घेऊन तू म्हणायचं, मग ह्ये काय हाय? तीन वर्षं हे चाललं. शेवटचं बोललो तेव्हा तुला धाप लागत होती, तरी तू विषय काढलासच. “मास्तर, तुमाला फोटो कोर्टात दावायचा व्हता. मला घरात दावायचा व्हता.” याला माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं होतं. तुला दम लागलाय म्हणून मी ते पुढच्या खेपेला ठेवलं. आता ते उत्तर मला आठवत नाही, आणि आठवलं तरी त्याचा उपयोग नाही.

तुझ्या दहाव्याला तात्या कशेळ्याहून चालत आले. गेनू-हौसा आधीच खाली आले होते; हौसा पारूवहिनींच्या पाठीला पाठ लावून बसली होती आणि कुणाला तिथून हलवू देत नव्हती. विधी आटोपल्यावर तात्या माझ्याशेजारी ओट्यावर टेकले. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी तिथेही विचारलंच. त्या फोटोत गेनू जिंकल्याचं दिसत नव्हतं, मग तो खरं बोलतो हे तुम्ही कशावरून मानलंत?

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “जिंकल्याचं मला त्याच सांजच्याला कळलं व्हतं, मास्तर. आमची कोंबड्या-अंडी माथेरानला जात्यात, ती नेनारी मानसं मुकी नायत.”

मग हात? मी विचारलं. लगाम?

“हात चांगलेच व्हते. पन गूळ मी हातांपायी नाय मागवला.” आतून पारूवहिनींचा आवाज आला आणि बंद झाला. “पोरगी द्यायची तर नुसता पोरगा बघून भागत नाय. त्याच्या मागं कोन उबं हाय, ते बघायचं. मेव्हन्यापायी तोफ खांद्यावर घिऊन डोंगर चढनारा मानूस आमच्या आख्ख्या कशेळ्यात नव्हता. सोयरीक मी त्या मानसाशी केली. गेनू त्याच्यासंगं आला.”

मी त्यांना म्हटलं, हे दिगूला सांगितलं होतंत का? ते माझ्याकडे असं बघू लागले, जसा मी वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघतो. म्हणाले, सोयऱ्याला असलं तोंडावर सांगायचं नसतं, तो डोक्यावर बसतो.

तर आता मी सांगतो आहे. बस डोक्यावर.